सोनकांबळे मामांची न हलणारी गाडी

आमच्या शेजारचे सोनकांबळे मामा रोज सकाळी साडेसहाला आपल्या गाडीत बसतात, इंजन चालू करतात, दहा मिनिटं तसेच बसून राहतात, मग इंजन बंद करून उतरतात. गाडी इंचभर हलत नाही. नांदेडच्या ह्या कॉलनीत मला राहायला येऊन तीन वर्षं झाली, पण ती पांढरी गाडी फाटकाबाहेर गेलेली मी कधी बघितली नव्हती. आणि ह्या जागच्या जागी उभ्या गाडीचं इंजन ऑइल मामा दर चार महिन्यांनी बदलतात. स्वतःच्या हातानं, अंगणात, गाडीखाली चटई टाकून.

बरं, गाडीत बसतात ते तरी कसे? मामा सहा फूट उंच, आणि ड्रायव्हरची सीट पार स्टिअरिंगपर्यंत पुढं ओढलेली. आधी डोकं आत घालायचं, मग एक पाय, मग दुसरा पाय हातानं उचलून. गुडघे स्टिअरिंगच्या दोन बाजूंना, मान वाकडी, टाळू टपाला. जरा मोठा श्वास घेतला की पोट हॉर्नवर दाबलं जातं आणि हॉर्न वाजतो. आमच्या गल्लीत साडेसहा वाजले हे घड्याळात कुणी बघत नाही, मामांच्या पोटावरून कळतं.

मी एकदा न राहवून विचारलं, मामा, सीट मागं का घेत नाही? तर म्हणाले, जाम हाय. मी मेकॅनिकचा नंबर देऊ केला. ते म्हणाले, "ऱ्हाऊ द्या म्याडम. सवय झाली." ज्या माणसाला आख्ख्या इंजनाची नस न् नस माहीत, त्याला सीटची एक पट्टी सोडवता येऊ नये, ह्याचं मला नवल वाटलं. पण मी गणिताची बाई. दुसऱ्याच्या उत्तरात चूक दिसली की मला चैन पडत नाही, आणि शेजाऱ्यांना ते आवडत नाही, म्हणून गप्प बसले.

मामा एकतीस वर्षं सरकारी जीपवर ड्रायव्हर होते. सरकारी ड्रायव्हरला सगळे मामाच म्हणतात, म्हणून रिटायर झाल्यावरही ते गल्लीचे मामाच राहिले. मुलगा पुण्याला. मामी मी इथं यायच्या थोडं आधी वारल्या, त्यामुळं मी त्यांना भिंतीवरच्या फोटोतच ओळखते. घरात मामा एकटे, आणि खिडकीत बाटल्या. खोकल्याच्या औषधाच्या त्या छोट्या बाटल्या असतात ना, तसल्या दहा. दर वेळी गाडीतून काढलेलं जुनं तेल एका बाटलीत थोडंसं भरून ठेवायचं आणि वर चिठ्ठी डकवायची. चिठ्ठीवर महिना आणि गाडीच्या मीटरचा आकडा. दहाही बाटल्यांवर आकडा एकच, ३८४१६. दहा वेळा तेल बदललं आणि गाडी एक किलोमीटर चालली नाही. मी विचारलं तर मामा म्हणाले की तेल उभ्यानंसुद्धा म्हातारं होतंय.

मामा कुणाला बरं आहे का असं विचारत नाहीत. तेल कधी बदललं, हा त्यांचा रामराम. समोरच्या देशपांड्यांच्या हृदयाची नळी साफ करून आणली, तेव्हा मामा भेटायला गेले, पाच मिनिटं गंभीर चेहऱ्यानं बसले आणि म्हणाले, म्हंजे फिल्टर बदलला म्हना की. देशपांडे हसले म्हणून बरं, त्यांची बायको अजून हसलेली नाही.

गल्लीत नवी गाडी आली की मामा पांढरा रुमाल घेऊन हजर. तेल मोजायची पट्टी बाहेर ओढतात, तिच्या टोकाचा एक थेंब रुमालावर टिपतात, आणि रुमाल उन्हात धरून तो डाग कसा पसरतो ते बघतात. मग मालकाकडं बघतात. "तेल खोटं बोलत न्हाई," हे त्यांचं ठेवणीतलं वाक्य. मालक काय करतो ते पुढं सांगत नाहीत, पण बघतात असं की कळावं.

माझ्यावर तर त्यांचा विशेष लोभ. माझा नवरा बदलीवर गडचिरोलीला, महिन्यातून एकदा येणार. म्हणजे माझ्या लहान गाडीला वाली मीच. मागच्या टायरात हवा कमी दिसून राहिली म्याडम. पुढच्या दिव्यात पानी शिरलं म्याडम. फोनवर फोन. मी वर्गात त्रिकोणमिती शिकवतेय आणि हे मला टायर शिकवतायत. शेवटी मी त्यांच्या नंबराचा आवाजच बंद करून टाकला. फोन आला तरी वाजायचा नाही. त्यांना अर्थातच हे माहीत नव्हतं.

आता मुख्य गोष्ट सांगते. माझी मुलगी मुक्ता बारावीनंतरच्या प्रवेश परीक्षेला दुसऱ्यांदा बसणार होती. आदल्या वर्षी ऐन परीक्षेच्या दिवशी पोरगी तापानं फणफणलेली, पेपर हुकला. पुढचं वर्षभर तिनं लातूरला होस्टेलात राहून क्लास केला, म्हणून केंद्रही लातूरच भरलं. शेवटच्या महिन्यात घरी आली ती निम्मी होऊन. रात्री झोपेत सूत्रं बडबडायची. पेपर रविवारी होता. गेट साडेदहाला बंद होणार, मग कुणी आलं तरी उघडणार नाही. ह्या वेळी हुकलं तर मी परत बसणार नाही, असं तिनं मला शांतपणे सांगितलं होतं. रडून सांगितलं असतं तर मला इतकी भीती वाटली नसती.

शनिवारी दुपारी मामा न बोलावता आले, माझ्या गाडीचं बॉनेट उघडलं आणि रुमाल काढला. डाग काळाकुट्ट. मी दीड वर्ष सर्व्हिसिंग केलं नव्हतं, कबूल आहे. मामांनी तो माझ्यासमोर धरला, मग म्हणाले, "ह्या तेलावर पोरीला लातूरला न्यायचं न्हाई."

माझा मेकॅनिक सासरच्या लग्नाला देगलूरला गेलेला. मग मामांनी स्वतःच फर्मान काढलं, आपण घरीच करू. आपण म्हणजे मी. कारण मामांचा नियम असा की ज्याची गाडी त्यानं हात काळे करायचे, ते नुसतं सांगणार. त्यांनी जॅक लावला, बाभळीचे दोन ठोकळे चाकांपाशी सरकवले, आणि मी, मुलींच्या वर्गाची वर्गशिक्षिका, जुना गाऊन घालून गाडीखाली.

इंजन आधी पाच मिनिटं चालवून गरम करायचं, म्हणजे तेल पातळ होतं. मग सतरा नंबरच्या पान्यानं खालचा नट सोडायचा आणि हात लगेच बाजूला घ्यायचा. मी घेतला नाही. कोपरापर्यंत गरम काळं तेल. घमेलं भरलं. नट नव्या वायसरवर परत बसवला. मग फिल्टर. तो पार घट्ट, मी दात ओठ खाऊन फिरवतेय, बाजूला मामा उकिडवे बसून दर मिनिटाला सांगतायत, घाई करू नका, घाई तुमाला हाय, इंजनाला न्हाई. वर घरात मुक्ताची शेवटची उजळणी, घड्याळात साडेपाच, अंगाला घाम आणि तेल. फिल्टर निघाला एकदाचा. तेवढ्यात मामा म्हणाले, म्याडम, अशी वर्षा-दीड वर्षानं गाडीची आठवण काढायची न्हाई.

माझं डोकं फिरलं. मी गाडीखालूनच म्हटलं, "मला शिकवण्यापेक्षा तुमची ती सीट आधी दुरुस्त करा ना. रोज सकाळी माकडासारखे बसता, गल्ली हसते तुम्हाला."

मामांनी रुमाल घडी करून खिशात घातला.

मग नवा फिल्टर हातात दिला. त्याच्या रबरी रिंगेला नव्या तेलाचं बोट लावायचं असतं, तेही त्यांनी मुकाट्यानं लावून दिलं. मी फिल्टर चढवला, वर येऊन नरसाळ्यानं नवं तेल ओतलं, मामांनी पट्टी तपासली, इंजन चालू करून बघितलं. थेंब नाही. मामांनी गाडीखाली एक पांढरा पुठ्ठा सरकवला. रात्रभर राहू द्या, सकाळी मी पुठ्ठा बघतो, मग निघा, किती वाजता निघताव? मी सांगितलं, साडेसहा.

आणि पावणेसहालाच निघाले. खरं सांगते, मला त्यांच्या तोंडासमोर जायचं नव्हतं. माकड म्हटलेलं रात्रभर मला खात होतं, पण माफी मागायची तर ती कशी हे सुचत नव्हतं, आणि वर पुठ्ठ्याची तपासणी, रुमाल, भाषण. पोरीच्या पेपरच्या दिवशी ते सगळं नको होतं. गाडी हळूच बाहेर काढली. पुठ्ठा तिथंच राहिला. मी त्याच्याकडं वळूनही बघितलं नाही.

लोहा मागं पडलं तेव्हा मुक्तानं डबा उघडून दोन घास खाल्ले. अहमदपूरपर्यंत ती चक्क गाणं गुणगुणत होती. अहमदपूर सोडून सात-आठ किलोमीटर गेलो असू, चाकूर अजून पुढं, आणि समोरच्या काचेखाली लाल किटली पेटली.

तुमच्याही गाडीत असते ती तेलाच्या धोक्याची खूण, तोटीतून थेंब पडतोय अशी. मामांनी मला बाकी काहीही शिकवलं असेल, मी विसरले असेन, पण हे त्यांनी डोक्यात ठोकून ठोकून बसवलं होतं. लाल किटली दिसली की इंजन बंद. पुलावर असा का घाटात असा. एक मिनिट चालवलं की इंजन गेलं. मी गाडी कडेला घेतली आणि किल्ली फिरवली. उतरून वाकून बघितलं. गाडीखालून तेलाची धार लागलेली, आणि मागं रस्त्यावर लांबपर्यंत काळी रेघ. आम्ही आलो ती वाट तेलानं आखून ठेवलेली.

सात पस्तीस झाले होते. लातूर तिथून सव्वा तासावर.

मुक्ता खाली उतरली आणि प्रवेशपत्राची पिशवी छातीशी धरून उभी राहिली. माझ्याकडं बघितलंही नाही. मी तिला म्हटलं, होतं काहीतरी, आत्ता बघते. काय बघणार होते डोंबल.  मेकॅनिकला फोन करावा म्हणून मोबाईल काढला तर पडद्यावर मामांचे तेवीस फोन येऊन गेलेले.

मी लावला. अर्धी घंटी वाजायच्या आत आवाज आला, किटली लागली का? मी हो म्हटलं. इंजन बंद केलं का? मी हो म्हटलं. पलीकडं मामांनी इतका मोठा श्वास घेतला की हॉर्न वाजला. तेव्हा मला कळलं, मामा गाडीत आहेत.

"लोह्याच्या अलीकडं हाय," ते म्हणाले. "सव्वासाला पुठ्ठा बघितला. भाकरीएवढा डाग. दुकान उघडवून फिल्टर घेऊस्तवर सव्वासात झाले. हलू नका तिथून."

मला आधी काही समजेना. कुठली गाडी, मी विचारलं. माजीच की, मामा म्हणाले आणि फोन ठेवला.

आता लहान पोरालासुद्धा सोडवता येईल असं गणित. मामा जन्मात पन्नासच्या वर गाडी नेत नाहीत, मागं बसलेल्या साहेबाचं पोट हललं न्हाई पायजे ही एकतीस वर्षांची सवय. त्यांच्यापासून इथवर साठएक किलोमीटर. शिवाय ती गाडी तीन वर्षांत जागची हललेली नाही, आणि आत तो माणूस चिमटीत धरल्यासारखा बसलेला. पोचणार कधी, पोचणार का, आणि नऊच्या पुढं गेलं तर पोचून उपयोग काय.

ऊन चढायला लागलं. रविवार, लग्नाची तारीख. बस आली, दारापर्यंत माणसं, थांबली नाही. दुसरीही नाही. आठ वीसला वऱ्हाडाची एक जीप थांबली. ड्रायव्हर म्हणाला, एकीला घेतो, मागं दांडीला धरून उभं राहावं लागेल, चाकूरपर्यंत. चाकूरच्या पुढं काय, हे त्याला माहीत नव्हतं. एकटी पोर, मागं लटकून, आणि पुढं परत गाडी शोधायची. पाठवावं तर धीर होत नाही, न पाठवावं तर वर्ष जातंय. मी मुक्ताला म्हटलं, तू सांग. आई असून मी तिच्यावर ढकललं, तेवढं मला कळत होतं.

तिनं रस्त्याच्या मागच्या टोकाकडं बघितलं आणि म्हणाली, "मामा म्हणाले ना हलू नका. मामा येतील."

जीप गेली. पुढची वीस मिनिटं मी जन्मात विसरणार नाही. लांब पांढरं काही दिसलं की उठून उभी राहायची आणि टेम्पो निघायचा. मनात मामांना किती शिव्या दिल्या, आणि किती नवस बोलले, दोन्ही एकाच तोंडानं. मुक्ता दगडावर बसून सूत्रं म्हणत होती. तिचा आवाज हळूहळू बारीक होत चालला होता.

आठ पंचेचाळीसला आधी हॉर्न आला. मग गाडी. रस्त्यावरची काळी रेघ धरून, तिच्या बरोब्बर डोक्यावरून, साठ-सत्तरच्या वेगानं. माझ्या डोळ्यांवर माझा विश्वास बसेना.

मामांना गाडीतून उतरता येईना. दार उघडून पाय बाहेर काढला, दुसरा आला नाही. मुक्तानं आणि मी धरून ओढून काढलं. उभे राहिले तरी पाय सरळ होईनात, टपाला धरून तसेच वाकून उभे. गुडघ्यांवर पँट घासून चकाकत होती. तशात त्यांनी माझ्या गाडीखाली वाकून हात घातला, फिल्टरच्या कडेनं बोट फिरवलं आणि तिथंच बसले.

"दोन रिंगा," म्हणाले. "जुनी रिंग इंजनालाच चिकटून ऱ्हाइली. तिच्यावरच नवा फिल्टर चढवला आपण. फिल्टर काढला की बोट फिरवून बगायचं असतंय. एकतीस वर्षांत एकदा इसरलो न्हाई. काल इसरलो."

ते काल कधी विसरले ते मला माहीत होतं. कुठल्या शब्दापाशी, तेही. मामा मात्र त्याबद्दल एक अक्षर बोलले नाहीत. म्हणाले, चूक माझी हाय. मी तोंड उघडलं तर खिशातली किल्ली काढून माझ्या हातात कोंबली. माझे पाय गेले, तुमी चालवा, पोरीला पोचवा. डिकीत त्यांनी तेलाचा डबा, नवा फिल्टर, पाना, घमेलं, चटई सगळं आणलं होतं. ते उतरवून घेतलं आणि लिंबाच्या सावलीत ठेवलं. तुमची गाडी मी दुरुस्त करतो, निघा.

मी त्यांच्या गाडीत बसले. आता माझी उंची पाच फुटाला तीन बोटं कमी. कुणाच्याही गाडीत बसले की पहिलं काम सीट पुढं ओढायचं, नाहीतर पाय लोंबकळतात. सवयीनं हात खाली गेला आणि मी पट्टी उचलली. सीट लोण्यातून सुरी जावी तशी सरकली, मागं.

जाम बिम काही नव्हती.

मामा खिडकीत वाकले होते. "नको," म्हणाले. मग घाईघाईनं, "तिथंच ऱ्हाऊ दे, माय. तिथंच आण परत."

तीन वर्षांत त्यांनी मला म्याडमशिवाय हाक मारली नव्हती. मी सीट परत पुढं ओढली. खटका बसला. पाय तिन्ही पेडलांवर बरोब्बर टेकले. आरशात बघितलं तर मागचा रस्ता सरळ दिसला, हात लावावा लागला नाही. आरसासुद्धा तिथंच ठेवलेला. म्हणजे मामा नांदेडपासून इथवर आले ते मागचं काही न दिसता.

मग मला समजलं. पण रडायला वेळ नव्हता. मी गाडी काढली.

दहा बाराला गेटपाशी पोचलो. मुक्ता पळत आत गेली, मागं वळून एकदा हात केला. साडेदहाला शिपायानं गेट ओढून घेतलं. बाहेर एक बाप हात जोडून गेट हलवत होता, त्याच्याकडं बघवेना. मी गाडीत येऊन बसले. गियरजवळच्या खणात केसांच्या दोन पिना होत्या आणि खोकल्याच्या गोळीचा चुरगाळलेला कागद. काल मी काय बोलले होते ते मला शब्दन् शब्द ऐकू येत होतं.

मामांना फोन लावला. पोचली का पोरगी, त्यांनी विचारलं. पोचली म्हटलं.  मी विचारलं, मामा, ही गाडी मामी चालवायच्या?

हाव, म्हणाले. मग हळूहळू सांगत गेले, फिल्टरवर पाना ठेवून बसले असावेत. मामी सरकारी दवाखान्यात नर्स. मामा रिटायर झाले, गाडी घेतली, तेव्हा मामींनी हट्ट धरला की चालवायला मीच शिकणार. बावन्नाव्या वर्षी. मामा बाजूला बसून शिकवायचे. पन्नासच्या वर नेऊ द्यायचे नाहीत म्हणून मामी चिडायच्या. दोन वर्षं दोघं फिरले, लोहा, कंधार, उदगीर, किल्लारीला बहिणीकडं. शेवटची एकदा दवाखान्याची ड्यूटी करून त्यांनी गाडी अंगणात आणून लावली. आठ दिवसांत त्या गेल्या.

"एकतीस वर्षं मी लोकाला फिरवलं," मामा म्हणाले. "मला तिनं एकटीनंच फिरवलं."

मी म्हटलं, मामा, काल मी जे बोलले ते. त्यांनी ते पुरं होऊ दिलं नाही. ते म्हणाले, खरंच माकडावानी दिसतो म्याडम, गल्लीचं बरोबर हाय.

दुपारी पेपर सुटल्यावर परत त्या लिंबापाशी आलो. मुक्ताचा चेहरा बरा होता. मामांनी माझी गाडी ठणठणीत करून ठेवलेली, खाली परत एक पुठ्ठा, त्याच्यावर डाग नाही. परत येताना माझी गाडी त्यांनी घेतली, आणि पहिल्यांदा सीट पार मागं सरकवून पाय लांब केले. मुक्ता त्यांच्या बाजूला बसली. मी मागून त्यांची गाडी चालवत होते. नांदेडपर्यंत पंचेचाळीसचा वेग. मी एकदाही कुरकुर केली नाही.

त्या संध्याकाळी त्यांच्या खिडकीत अकरावी बाटली आली. तिच्यावर नवा आकडा होता. दोनशे ऐंशीनं वाढलेला.  त्यांनी तीन वर्षं सांभाळलेला आकडा माझ्या पोरीसाठी गेला होता.

त्यानंतरच्या रविवारी सकाळी फाटक वाजलं. मामा उभे, इस्त्रीचा पांढरा शर्ट, केसांना तेल. रुमाल नव्हता. हातात किल्ली होती आणि ती ते उगाच फिरवत होते. माझ्या टायरकडं बघितलं, आभाळाकडं बघितलं, मग म्हणाले, गाडी चालली ना आता, तर तिला सवय लागली. उभी ऱ्हायला तयार न्हाई. तुमाला येळ असंल तर. पाचच किलोमीटर.

मी किल्ली घेतली. मामा गाडीला वळसा घालून डाव्या बाजूला गेले, दार उघडून ऐटीत बसले, पाय ताणले आणि पट्टा लावला.

"पन्नासच्या वर नगं, म्याडम," म्हणाले.

मी चिडून वळून बघितलं. मामा खिडकीबाहेर बघत होते आणि त्यांचे डोळे भरले होते. मी आरसा बघितला, तो होता तिथंच बरोबर होता, आणि गाडी फाटकाबाहेर काढली. साडेसहा वाजले होते. त्या दिवशी गल्लीत हॉर्न वाजला नाही.